बोटे हलतात, म्हणून नस शाबूत?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या खुटबाव-केडगाव भागातल्या दवाखान्यांत एक जखम हमखास दिसू लागते. ऊस तोडताना कोयता निसटतो आणि ऊस धरलेल्या डाव्या हातावर, मनगटाच्या आसपास बसतो. रक्त थांबते, टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते. मग तो जखमी माणूस, नाहीतर त्याच्याबरोबर आलेला मुकादम विचारतो, "बोटं हलत्यात की डॉक्टर. म्हंजी नस काय तुटली नाय ना?"

"नाही तुटली, जा घरी," असे सांगून मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल. मागे पेशंटची रांग असते, त्याला परत फडावर जायची घाई असते. पण बोटे हलणे ही एक गोष्ट आणि नस शाबूत असणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचा निर्वाळा देता येत नाही.

आधी हा "नस" शब्दच बाजूला ठेवावा लागेल. आपल्या बोलण्यात नस म्हणजे काहीही असते. "नस कापली" म्हणजे रक्तवाहिनी, "नस चढली" म्हणजे बहुधा स्नायूचा गोळा, "नस दबली" म्हणजे मज्जातंतू, आणि मनगटाजवळ कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या दिसतात त्यांनाही आपण नसाच म्हणतो. त्या दोऱ्या म्हणजे कंडरा. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवायची, एवढेच त्यांचे काम. आज ज्याविषयी लिहायचे आहे तो मज्जातंतू. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत आणि कातडीची खबर मेंदूपर्यंत नेणारी ही तार. एकेका मज्जातंतूत हजारो बारीक धागे असतात.

मानेतून निघून हातात उतरणारे असे तीन मोठे मज्जातंतू मानले जातात. रेडियल हा मनगट आणि बोटे वर उचलण्याच्या कामाचा. मेडियन हा हाताच्या मधोमध उतरतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बहुतेक त्याच्याच हुकमतीत असतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची तळहाताकडची संवेदना तोच नेतो. तिसरा अल्नर. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग यांची संवेदना त्याच्याकडे, आणि तळहातातले बहुतेक बारीक स्नायूही त्याच्याकडेच. बोटे फाकवणे, जवळ आणणे, चिमटीत कागद घट्ट धरणे ही कामे त्याच्या जोरावर होतात. कोपराला गूळ लावण्याची म्हण आपण नेहमी वापरतो, पण त्या कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत, अगदी कातडीखाली हा अल्नर मज्जातंतू असतो याची आठवण आपल्याला फक्त कोपर चौकटीवर आपटले की होते. करंगळीपर्यंत जी वीज चमकते ती त्याचीच.

आता त्या जखमी मजुराची बोटे का हलतात ते पाहू. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या खाली धरा आणि उजव्या हाताची मूठ उघडा, मिटा. कातडीखाली मांस हलताना लागेल. बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नाहीतच, ते इथे वर आहेत. कळसूत्री बाहुल्यांचा सूत्रधार पडद्यामागे बसून दोऱ्या ओढतो तसे ते कंडरांमार्फत बोटे ओढतात. या स्नायूंना मज्जातंतूंच्या फांद्या वरच, कोपराजवळ मिळतात. म्हणून मनगटाशी अल्नर किंवा मेडियन पुरा तुटला आणि कंडरा वाचल्या, तर मूठ मिटतेच. गेलेली असते ती बोटांची संवेदना आणि तळहातातल्या बारीक स्नायूंची ताकद. ती कोणी मुद्दाम तपासली नाही, तर टाके निघेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथपर्यंतचे सगळे पाठ्यपुस्तकात आहे आणि प्रत्येक डॉक्टरला ते शिकवलेले असते. यापुढचा भाग शिकवलेला असूनही पुष्कळदा विसरला जातो. पुस्तकातला हात हा एक ठरावीक हात असतो. खऱ्या माणसांचे हात आतून सगळे सारखे नसतात.

खडकवासल्याचा कालवा आपल्या दौंड तालुक्यातून जातो, तेव्हा फाटे आणि चाऱ्या म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. समजा दोन कालवे शेजारी-शेजारी चालले आहेत. नकाशाप्रमाणे खालच्या शिवारातल्या कोणत्या शेताला कोणत्या कालव्याचे पाणी, हे ठरलेले आहे. पण प्रत्यक्षात वरच्या अंगाला पहिल्या कालव्यातून एक आडवी चारी काढलेली आहे. ती दुसऱ्या कालव्यात सोडलेली आहे आणि नकाशावर तिची नोंद नाही. अशा वेळी दुसरा कालवा वरच्या बाजूला फुटला, तरी खालची काही शेते भिजतच राहतील आणि पाटकरी म्हणेल, कालवा ठीक आहे!

हातात नेमके असेच घडते. काही माणसांच्या हातात कोपराच्या खाली, मेडियन मज्जातंतूतून एक फांदी निघते, स्नायूंच्या दोन थरांमधून आडवी जाते आणि अल्नरला मिळते. तळहातातल्या ज्या स्नायूंचे धागे पुस्तकाप्रमाणे सबंध वाटभर अल्नरमधून यायचे, त्यांतले काही कोपरापर्यंत मेडियनमधून येतात आणि तिथून खाली या चोरवाटेने अल्नरमध्ये शिरतात. उपमा मात्र इथे संपते. पाणी एकमेकांत मिसळते, मज्जातंतूचे धागे मिसळत नाहीत. प्रत्येक धागा सुटा असतो आणि आपल्याच ठिकाणी जातो. म्हणजे अल्नर तुटल्यावर मेडियन काही नव्याने मदतीला धावून येत नाही. ते धागे जन्मापासून त्याच वाटेने येत असतात.

या जोडाला मार्टिन-ग्रुबर जोड म्हणतात. स्वीडनमधल्या मार्टिन नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने १७६३ साली त्याचे वर्णन केले. पुढे शंभरावर वर्षांनी, १८७० साली, रशियात सेंट पीटर्सबर्गला शिकवणाऱ्या ग्रुबरने मृतदेहांचे २५० हात चिकाटीने सोलून पाहिले आणि त्यांतल्या ३८ हातांत त्याला हा जोड सापडला. नंतर अनेक देशांत मोजण्या झाल्या. आकडे कमी-जास्त आहेत, पण साधारणपणे शंभर हातांत पंधरा ते वीस असे धरायला हरकत नाही. गावच्या भजनी मंडळात पन्नास टाळकरी असतील तर हात झाले शंभर, म्हणजे पंधरा-वीस टाळ अशा हातांत वाजत असणार. ज्याला कुणाला तो जोड आहे त्याला त्याचा पत्ता नसतो आणि असण्याचे कारणही नाही. हे व्यंग नव्हे. एखाद्याच्या गालाला खळी पडते, तसे. काही घराण्यांत तो पिढ्यान् पिढ्या आढळतो.

(हे ज्ञान आपल्याला मृतदेहांच्या विच्छेदनातून मिळाले, आणि आजही वैद्यकीय महाविद्यालयातली मुले ते तसेच शिकतात. आपल्याकडे त्यासाठी १९४९ सालचा शरीररचनाशास्त्र कायदा आहे. देहदानाचा अर्ज भरलेल्या माणसाकडे गावात अजूनही विचित्र नजरेने पाहिले जाते, म्हणून हा कंस.)

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एका गुऱ्हाळावरचा गुळव्या आला. तक्रार करंगळीला फोड येण्याची. काहिलीजवळचे काम, भाजणारच, असे त्याचे आणि घरच्यांचे म्हणणे. पण फोड दर वेळी उजव्या करंगळीलाच आणि तिच्याच कडेला. "भाजलं तेव्हा कळलं का?" असे विचारल्यावर तो थांबला. कळत नव्हते. डोळे मिटायला लावून पेनच्या टोपणाने स्पर्श केला तर करंगळीला काहीच नाही, अनामिकेच्या अर्ध्या भागाला नाही. बाकीची तीन बोटे व्यवस्थित. म्हणजे अल्नरचा दोष. तो कुठे, तेही हातावर लिहिलेले होते. लहानपणी चिंचेवरून पडून कोपर मोडला होता, हाडवैद्याकडे बांधून घेतला होता आणि तो किंचित बाहेर वाकलेलाच जुळला होता. अशा वाकड्या कोपरात अल्नर वर्षानुवर्षे ताणला जातो आणि कधी कधी वीस-पंचवीस वर्षांनी कुरकुरायला लागतो.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. अल्नर एवढा बिघडला असेल तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला, हाताच्या मागच्या बाजूचा मांसाचा उंचवटा खंगून तिथे खड्डा पडायला हवा. याचा उंचवटा भरलेला. चिमटीत धरलेला कागद माझ्याने ओढून निघेना. याच कारणाने, त्याला आधी "हातात ताकद आहे, नसेला काही नाही" असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर दोनदा परत पाठवण्यात आले होते. कुठे, ते सांगण्यात अर्थ नाही. ताकद पाहून असा समज होणे साहजिक आहे.

करंगळी बधिर असली की कोपराबरोबर आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. मानेतला मणका, मधुमेह, आणि आपल्याकडे न विसरता कुष्ठरोग. कुष्ठरोगाचे जंतू थंड भागातल्या मज्जातंतूंवर बसतात आणि हातात त्यांची आवडती जागा म्हणजे हाच कोपराजवळचा अल्नर. तो बोटाला दोरीसारखा जाड लागतो, अंगावर कुठेतरी बधिर, फिक्कट चट्टा असतो. गुळव्याच्या अंगावर चट्टा नव्हता. पुण्याला पाठवून मज्जातंतूंची विजेवरची तपासणी करून घेतली. अल्नर कोपराशी दबलेला निघाला आणि त्याच हातात मार्टिन-ग्रुबर जोडही निघाला. तळहातातल्या स्नायूंना पुरेसे धागे मेडियनच्या वाटेने मिळत होते, म्हणून ते खंगले नव्हते. संवेदनेच्या धाग्यांना मात्र ही चोरवाट सहसा नसते, ती जवळजवळ सर्वस्वी हालचालीच्या धाग्यांची आहे. म्हणून हात बळकट आणि करंगळी बधिर, असा तो प्रकार. शस्त्रक्रिया करून मज्जातंतू खोबणीतून काढून पुढे सरकवला. संवेदना पूर्वीसारखी झाली नाही, पण आता चटका कळतो. काहिलीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला तेवढेही पुष्कळ आहे.

जोड कुठे आहे आणि घाव कुठे, यावर सगळा हिशोब फिरतो. अल्नर जोडाच्या वर तुटला, म्हणजे कोपराशी किंवा त्याच्या थोडे खाली, तर चोरवाटेचा फायदा होतो आणि डॉक्टर फसतो. मनगटाशी तुटला तर काहीच फायदा नाही, कारण चोरवाटेचे धागेही तोवर त्याच्यातच आलेले असतात. मेडियन कोपराच्या वर दुखावला तर उलटे होते, ज्याच्याशी त्याचा संबंध नाही असे पुस्तक म्हणते ते स्नायूही लुळे पडतात. मग रोगी ढोंग करतो आहे, अशी शंकासुद्धा घेतली जाते. मारामारीच्या किंवा अपघाताच्या प्रकरणात अशी शंका रोग्याला महागात पडू शकते.

चोरवाट ही एकच नाही. अल्नरकडून मेडियनकडे जाणारी उलटी वाटही क्वचित असते. तळहातात अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही मज्जातंतूंच्या फांद्या जोडणारी आणखी एक आहे. रिश आणि कॅन्यू या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १८९७ साली तिची वेगवेगळी वर्णने केली. तिच्यामुळे मनगटाशी मेडियन तुटूनही अंगठा बऱ्यापैकी फिरू शकतो. तळहातात संवेदनेच्या धाग्यांचाही एक जोड असतो आणि तो तर निम्म्याहून अधिक हातांत सापडतो. त्याला बेरेत्तिनीचे नाव आहे. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, सतराव्या शतकातले इटलीतले नामांकित चित्रकार होते. त्यांनी काढलेली शरीररचनेची चित्रे त्यांच्या मृत्यूनंतर, १७४१ साली छापली गेली आणि त्यांत हा जोड दाखवलेला होता. डॉक्टरांच्या नजरेतून निसटणारे चित्रकाराच्या हातून निसटले नाही, याची मला मौज वाटते.

मग कोयत्याच्या जखमेत खरे काय ते कसे ओळखायचे? बोटांच्या टोकांना विचारायचे. करंगळीचे टोक जवळजवळ प्रत्येक माणसात अल्नरचेच असते आणि तर्जनीचे टोक मेडियनचेच. डोळे मिटायला लावून कापसाने किंवा टोपणाने हलका स्पर्श करावा, दुसऱ्या हाताशी तुलना करावी, आणि "कळतंय का?" असे न विचारता "कुठल्या बोटाला लागलं?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला घाबरलेला माणूस हो म्हणूनच जातो. ही तपासणी बधिर करण्याच्या इंजेक्शनच्या आधी व्हायला हवी. एकदा ते इंजेक्शन दिले की पुढचे काही तास कुठलेच बोट खरे बोलत नाही. जखमी माणसाबरोबर जे कोणी येते त्याने डॉक्टरांना एवढेच म्हणावे, "साहेब, टाक्याच्या आधी करंगळी आणि अंगठ्याजवळचं बोट तपासता का?" यात कुणाचा अपमान नाही.

लहान मूल नीट सांगू शकत नाही. त्याच्यासाठी एक जुनी युक्ती आहे, पण जखम भरल्यानंतरचीच. हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवला की आपल्या बोटांची टोके सुरकुततात. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो ते गुळगुळीतच राहते. आयर्लंडमधल्या ओरियन नावाच्या शल्यविशारदाने १९७३ साली हे लक्षात आणून दिले. घरी आई भांडी घासताना किंवा पोरगे विहिरीवर पोहून आल्यावर असे एखादेच बोट कोरडे-गुळगुळीत दिसले, तर ते दाखवायला आणावे. पाणी कढत नसावे, बधिर बोट भाजले तरी मूल रडणार नाही.

यात घाई कशासाठी, असे कोणी विचारील. तुटलेला मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवता येतो. शिवल्यावर वरचे धागे खाली वाढू लागतात, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम सव्वा इंच. कोपराशी शिवलेला मज्जातंतू करंगळीच्या टोकाला पोचायला वर्ष उलटते. इकडे हुकूम न मिळालेले स्नायू वाळत जातात आणि वर्ष-दीड वर्षानंतर हुकूम आला तरी ते ऐकण्याच्या स्थितीत नसतात. स्वच्छ कापलेला मज्जातंतू पहिल्या काही दिवसांत शिवला तर निकाल सर्वांत चांगला. ऊसतोडीचे कुटुंब हंगाम संपवून गावी परत गेल्यावर चार-सहा महिन्यांनी बोटे वाकडी झाली म्हणून येते, तेव्हा हातचा वेळ गेलेला असतो.

तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत खोल जखम झाली, तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, हात उंच ठेवावा, बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात. हळद, तंबाखू, चहापूड भरू नये आणि दोरीने आवळू नये. टोकाची संवेदना गेली असेल तर टाक्यांवर न थांबता पुण्याचा रस्ता धरावा. ससून रुग्णालय पुणे स्टेशनला लागूनच आहे. खुटबाव स्टेशनवर गाडीत बसलेला माणूस रिक्षा न करता तिथे पोचतो.

आणखी एक प्रश्न उलट्या बाजूने येतो. विजेवरच्या तपासणीचा, म्हणजे एनसीव्हीचा अहवाल घेऊन माणसे येतात. त्यात कधी लिहिलेले असते की अल्नरला मनगटाशी झटका दिला तर स्नायूचा प्रतिसाद मोठा आणि कोपराशी दिला तर लहान, म्हणजे मध्ये कुठेतरी अडथळा आहे. अडथळा असूही शकतो. पण चोरवाट असलेल्या हातात काहीही आजार नसताना असेच दिसते, कारण मनगटाशी सगळे धागे हजर असतात आणि कोपराशी त्यांतले काही मेडियनच्या घरी असतात. अशा वेळी मेडियनला कोपराशी झटका देऊन पाहिला की हरवलेला प्रतिसाद तिथे सापडतो. हात बधिर नाही, कमजोरी नाही आणि नुसत्या अहवालावरून शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर "हे जन्मजात जोडामुळे तर नाही ना, एवढं पाहता का?" असे विचारून मग पुढे जावे.

आपल्या हातात असा जोड आहे का, हे मुद्दाम तपासून घेण्याची गरज नाही. तपासणीत पैसे जातील आणि झटके खावे लागतील, फायदा काही नाही. मात्र दुसऱ्या कुठल्या कारणाने तपासणी झाली आणि अहवालात मार्टिन-ग्रुबर हे नाव आले, तर तो कागद टाकून देऊ नये. पुढे कधी त्या हाताला जखम झाली किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली, तर डॉक्टरांनी हात तपासण्याआधीच तो त्यांच्यापुढे ठेवावा.